लक्ष्मीपूजनाचे रुपये पारखीस पाठवावे काय?

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदल्या आहेत, त्या घरांत देव्हाऱ्याखालच्या फडताळांत किंवा एखाद्या पितळी डब्यांत जुन्या नाण्यांची पुरचुंडी बहुधा सांपडावयाचीच. तींत राणीछाप रुपये असतात, झिजलेल्या शिवराया असतात, भोकाचे पैसे असतात. वर्षांतून एकदां लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं ती पुरचुंडी बाहेर निघते, रुपये चिंचेनें घांसून लखलखीत केले जातात, त्यांवर हळदकुंकू वाहिलें जातें आणि दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां अंधारांत जातात. त्यांचें मोल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या दिवशीं तो निघतो, त्या दिवशीं घरांत बहुधा दुसराहि एखादा प्रश्न निघालेला असतो: वांटणीचा, आजाराचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा.

आमच्या घरीं तो दोन वर्षांपूर्वीं निघाला. धाकट्या बंधूंच्या मुलीस वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला आणि फीच्या रकमेनें सर्वांची झोंप उडाली. त्याच सुमारास वाईच्या जुन्या घराची आवराआवर चालू असतां काकूंनीं पितळी डबा आणून पुढें ठेवला. त्यांत लहानमोठीं ४३ नाणीं होतीं. अमेरिकेंत नोकरीस असलेला आमचा पुतण्या सुटीवर आलेला होता. तो डबा पाहतांच म्हणाला, "काका, हीं अशींच विकूं नका. तिकडे नाण्यांची प्रतवारी करून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचा आंकडा मिळाला, कीं त्याच नाण्याला दसपट किंमत येते." थोरल्या बंधूंस हें मुळींच रुचलें नाहीं. "देवांतलें रुपें परक्याच्या हातीं पारखायला द्यायचें, आणि वर त्यालाच पैसे मोजायचे?" असें ते म्हणाले. धाकटे बंधू कांहींच बोलले नाहींत. त्यांच्या न बोलण्याचाच आम्हांस अधिक भार वाटला. अखेर चौकशी करून काय तें ठरविण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या चौकशींत जें हातीं लागलें, तें इतर घरींहि उपयोगीं पडेल, म्हणून येथें मांडीत आहों.

जुनी पारख

नाणें पारखून घेणें ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. पेशवाईंत एकाच बाजारांत अनेक टांकसाळींचे रुपये चालत. पुण्याकडचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडचा चांदवडी वेगळा, आणि प्रत्येकाचा भावहि वेगळा. म्हणून सराफ नाणें वाजवून पाही, कसास लावी, तोलून पाही आणि झिजलेल्या अथवा हिणकस नाण्यावर बट्टा कापून घेई. सरकारी खजिन्यांत हें काम पोतदाराकडे असे. पोतदार, पारखी, टांकसाळे हीं आडनांवें आजहि आपल्या शेजारीं नांदत आहेत. आणि खणखणीत, बंदा रुपया, नांवाला बट्टा हे शब्द ज्यानें जन्मांत जुनें नाणें पाहिलें नाहीं त्याच्याहि तोंडीं येतात.

१८३५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या सर्व मुलखांत एकच रुपया चालू केला, तेव्हां सराफाचें हें काम पुष्कळ हलकें झालें. या रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापानें ११.६६ ग्रॅम ठरलें. त्यांत बारांपैकीं अकरा भाग चांदी असे. आमच्या आजींच्या काळीं वजन हातीं नसलें, कीं तराजूंत रुपयेच टाकीत, तें यामुळेंच.

या जुन्या पारखीचा प्रश्न एकच होता: नाण्यांत धातु किती आणि कसा? झिजेनें चांदी कमी झाली, तेवढा बट्टा कापला, कीं व्यवहार संपला. नव्या प्रतवारीचा प्रश्न याहून अगदीं निराळा आहे, आणि तो नीट न समजल्यामुळेंच पुष्कळांची फसगत होते.

नवी प्रतवारी

१९४९ सालीं अमेरिकेंत विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानें तेथील जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठीं एक मोजपट्टी सुचविली. केवळ ओळख पटण्यापुरतेंच शिल्लक राहिलेल्या नाण्यास १ गुण आणि सर्वस्वीं निर्दोष नाण्यास ७० गुण. मूळ कल्पना अशी, कीं ७० गुणांच्या नाण्याची किंमत १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. बाजारानें हें गणित पुढें मोडून टाकलें, परंतु आंकडे मात्र राहिले आणि सेंट सोडून इतर नाण्यांसहि लागूं झाले. ६० पासून ७० पर्यंतचे गुण चलनांत मुळींच न फिरलेल्या नाण्यांचे. त्याखालचे गुण झिजेप्रमाणें उतरत जातात.

पुढें १९८६ सालीं पीसीजीएस आणि १९८७ सालीं एनजीसी या दोन कंपन्या अमेरिकेंत निघाल्या. विकणाऱ्यानें आपलें नाणें उत्तम म्हणावें आणि घेणाऱ्यानें तेंच सामान्य म्हणावें, हा जगाचा रिवाज. म्हणून दोघांपैकीं कोणाचाहि नव्हे अशा तिऱ्हाइतानें मत द्यावें, हें यामागील तत्त्व. नाणें एकाहून अधिक पारखी स्वतंत्रपणें पाहतात. तें खरें ठरलें, तर त्यास गुण देतात आणि कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबींत कायमचें बंद करतात. डबींतील चिठ्ठीवर नाण्याचें नांव, वर्ष, गुण आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक संगणकावर कोणासहि पडताळून पाहतां येतो. इंग्रजी अमदानींतील आपलीं नाणींहि या कंपन्या पारखतात.

याचा लाभ खरा आहे. कलकत्त्याचा ग्राहक मुंबईचें नाणें न पाहतां विकत घेऊं शकतो आणि खोट्या नाण्याची धास्ती पुष्कळ कमी होते. पण मर्यादाहि तितक्याच खऱ्या आहेत. गुण हें शेवटीं मनुष्याचें मत आहे; तेंच नाणें डबींतून काढून पुन्हां पाठविल्यास एखादा गुण कमीअधिक येतो, असा संग्राहकांचा अनुभव आहे. वरच्या पायरीवर एका गुणानें किंमत दुप्पट होते, तर खालच्या पायरीवर दहा गुणांनींहि फारसें कांहीं होत नाहीं. आतां तर त्या डब्यांचीहि नक्कल होऊं लागली आहे. आणि पारख करणाऱ्याचीहि पारख करावी लागते, हें खुद्द शेल्डनच्याच उदाहरणानें दिसतें: न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील उत्तम सेंट काढून घेऊन त्याच जागीं हलके सेंट त्यानें ठेवले होते, हें त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आलें.

चिंच आणि रांगोळी

येथवर आम्ही उत्साहानें वाचीत आलों होतों. पण नंतर जी गोष्ट कळली, तिनें आमचा डबा एकदम हलका झाला.

टांकसाळींत ठशाचा दाब पडतो, तेव्हां नाण्याचा धातु मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर केंसाहून बारीक अशा असंख्य रेषा उमटतात. नव्या नाण्यावर जी झळाळी फिरतांना दिसते, ती या रेषांवर प्रकाश खेळल्यामुळें. नाणें घांसलें, कीं या रेषा जातात आणि त्यांच्या जागीं ओरखडे येतात. शिवाय हवेंतील गंधकाच्या अंशानें चांदीवर हळूहळू काळसर, निळसर झांक चढते. आपण तिला मळ म्हणतों. जाणते संग्राहक तिला नाण्याचें वय म्हणतात आणि तिच्यासाठीं अधिक पैसे देतात. चिंचेचें आम्ल ही झांक काढून टाकतें. आणि रांगोळी म्हणजे तर दगडाचेंच पीठ, तिनें राणीच्या गालावर जन्माच्या रेघा ओढल्या जातात. अशा नाण्यास या कंपन्या बहुधा गुणांचा आंकडा देत नाहींत. नाणें खरें आहे, परंतु साफ केलेलें आहे, एवढाच शेरा मारतात.

आम्हीं हें वाचून दाखविलें, तेव्हां काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चाळीस वर्षें दर दिवाळीला मीच त्यांचं मोल घासून टाकलं म्हणायचं!" त्यांच्या स्वरांत थट्टा नव्हती. थोरले बंधू लगेच म्हणाले, "काकू, रुपये पूजेचे होते, विक्रीचे नव्हते. तुम्हीं पूजा केलीत." हें बोलणें अगदीं खरें होतें. परंतु धाकट्या बंधूंची अडचणहि तितकीच खरी होती, आणि ती काकूंस ठाऊक होती.

येथें आम्हांस मुख्य मुद्दा उमगला. जुना सराफ चांदी पाही, नवा पारखी कांति पाहतो, आणि काकूंच्या चिंचेला दोन्हींशीं कर्तव्य नव्हतें. एकाच रुपयाचीं हीं तीन निरनिराळीं मोलें आहेत. आपणांस यांपैकीं कोणतें हवें आहे, हें ठरल्यावांचून तें नाणें पारखीस पाठविणें व्यर्थ होय.

डब्याचा हिशेब

मग आम्हीं सर्व नाणीं पांढऱ्या फडक्यावर मांडून त्यांचे भाग पाडले.

पहिल्या भागांत ९ शिवराया. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असलेलें हें तांब्याचें नाणें शिवाजी महाराजांनीं चालू केलें. परंतु त्याच धर्तीचीं नाणीं पुढेंहि कित्येक पिढ्या पडत राहिलीं. त्यामुळें हातांतली शिवराई महाराजांच्याच काळची असेल असें मुळींच नाहीं, आणि हा भेद अमेरिकेंतल्या पारख्यापेक्षां मराठी नाण्यांचा अभ्यासक अधिक चांगला सांगूं शकेल. दुसरी गोष्ट अशी, कीं १९७२ च्या पुरावस्तु व कलावस्तु कायद्यानें १०० वर्षें अथवा त्याहून अधिक जुनें नाणें ही पुरावस्तु ठरते, आणि केंद्र सरकार किंवा त्यानें अधिकार दिलेली संस्था यांखेरीज कोणासहि ती देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. पारखून परत आणूं, ही सबब येथें चालत नाहीं. पुतण्या सर्व नाणीं आपल्या बॅगेंतून नेणार होता. हें कळल्यावर त्यानें स्वतःच तो विचार सोडला.

दुसऱ्या भागांत २७ रुपये, राणीचे, एडवर्डचे आणि पांचव्या जॉर्जचे १९१९ पर्यंतचे. कायद्याची अडचण येथेंहि होतीच. पण ती नसती, तरी यांवर फी खर्चणें वेडेपणाचें झालें असतें. थोरल्या बंधूंचा भरंवसा १८६२ सालच्या रुपयांवर होता. सर्वांत जुने, म्हणून सर्वांत मोलाचे. परंतु १८६२ हेंच साल पुढें कित्येक वर्षें रुपयांवर जसेंच्या तसें पडत राहिलें, तें १८७४ पर्यंत. मुंबईच्या टांकसाळींत खऱ्या वर्षाची खूण म्हणून बारीक ठिपके तेवढे घालीत. १८४० च्या रुपयाचीहि तीच कथा. वय आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच्या उलट १९११ चा रुपया घ्या. त्यावर बादशहाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, म्हणून तो परत घेण्यांत आला आणि बहुतेक नाणीं वितळविलीं गेलीं. १८६२ पेक्षां तो अर्धशतकानें लहान, पण मोलानें मोठा. आमच्या डब्यांत तो नव्हता. जे होते, ते सर्वसामान्य आणि घांसलेले. त्यांची किंमत चांदीहून फारशी वर नव्हती.

तिसऱ्या भागांत भोकाचे पैसे आणि आणे मिळून ६ नाणीं. त्यांविषयीं विचार करण्यासारखें कांहींच नव्हतें.

उरला एकच रुपया, सहाव्या जॉर्जचा, साल १९३९. अकरा भाग चांदीच्या जुन्या रुपयांचें हें शेवटचें साल. १९४० पासून रुपयांतली चांदी निम्मी झाली, आणि महायुद्धाच्या त्या वर्षांत सरकारनें जुने रुपये चलनांतून काढून घेतले. १९३९ चा रुपया त्यामुळें फारच थोडा आढळतो, आणि नेमक्या याच कारणानें १९३८ च्या रुपयावरील आठाचा नऊ करून तो खपविणारेहि आढळतात. पुण्यांतील एका वृद्ध संग्राहकांकडे आम्हीं तो नेला. त्यांनीं तो तोलला, भिंगाखालीं नऊ या आंकड्याचें शेंपूट बराच वेळ न्याहाळलें, कांठ फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मला खरा वाटतो. पण माझ्या वाटण्यावर कोणी पैसे मोजणार नाहीं."

याच वाक्यांत आमच्या प्रश्नाचें उत्तर होतें. या रुपयास किती गुण मिळतील, ही शंका नव्हती. घांसल्यामुळें गुण मिळणारच नव्हते. शंका होती ती खराखोटा याची, आणि ती फिटल्यानें किंमत बदलणार होती. त्याचें वय शंभराच्या आंत असल्यामुळें पुरावस्तूचा कायदाहि आड येत नव्हता. फी, टपाल, विमा मिळून कांहीं हजार रुपये जाणार होते. खरा ठरल्यास ते भरून निघून वर पुष्कळ उरणार होतें, खोटा ठरल्यास ते बुडणार होते. सर्वांनीं मिळून हा धोका पत्करला. थोरल्या बंधूंनींच फीचे पैसे पुढें केले, हें येथें नमूद केलें पाहिजे.

चार महिन्यांनीं रुपया परत आला. अपेक्षेप्रमाणें गुणांचा आंकडा नव्हता. खरा, पण साफ केलेला, एवढाच शेरा. पुढें तो लिलांवांत विकला गेला. किंमत दसपट आली नाहीं. चिंचेचा बट्टा त्यावर बसलाच. तरी मुलीचा पहिल्या वर्षाचा वसतिगृहाचा आणि पुस्तकांचा खर्च त्यांतून निघाला. फीसाठीं कर्ज काढावें लागलें, आणि त्याचे हप्ते आतां तिन्ही भाऊ मिळून भरतों.

वाचकांसाठीं थोडें

या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जुनें नाणें हातीं येतांच तें घांसूं नये, पुसूंहि नये. कडेनें धरावें आणि कोरड्या कागदी पाकिटांत ठेवावें. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या वापरूं नयेत. त्यांतील द्रव्यें कालांतरानें नाण्यावर हिरवट चिकटा आणतात. विकावयाचें नसेल, तर प्रतवारीच्या फंदांत पडूं नये. विकावयाचें असेल, तर आधीं येथेंच एखाद्या जाणत्यास दाखवावें आणि पारखीमुळें वाढणारी किंमत सर्व खर्चाच्या निदान तिप्पट असेल, तरच पुढें जावें. नाण्याचें वय १०० च्या वर असेल, तर परदेशीं पाठविण्याचा विचारहि करूं नये. आणि जुन्या वाड्याच्या खोदाईंत पुरलेलीं नाणीं सांपडलीं, तर तीं आपलीं समजून वांटून घेऊं नयेत. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें १० रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सांपडल्यास कलेक्टरांस कळवावें लागतें. वांटणीच्या वेळीं प्रतवारीनें न्याय होईल, असेंहि समजूं नये. गुण हे नाण्याची स्थिति सांगतात. भाव बाजार सांगतो, आणि तो दरसाल बदलतो.

आतां उरलेल्या नाण्यांविषयीं. शिवराया फडक्यांत वेगळ्या बांधलेल्या असल्यामुळें काकूंचा हात त्यांना कधीं लागलाच नव्हता. त्या तशाच ठेवल्या आहेत, आणि एखाद्या अभ्यासकास दाखवावयाच्या आहेत. राहिले २७ रुपये. गेल्या लक्ष्मीपूजनास काकूंनीं विचारलें, "आता यांना चिंच लावूं कीं नको?" थोरल्या बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं सांगितलें, "लावा, काकू. त्यांचें जें जायचें तें गेलेलें आहे, आणि विकायचे तर ते नाहींतच." काकूंनीं कोळ कालवला, आणि या खेपेस रांगोळी मात्र बाजूस ठेवली.